खुणेची जबानी

१८८५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे 'सम्राज्ञी विरुद्ध अब्दुल्ला' हा खटला आला, तेव्हा न्यायमूर्तींपुढे विचारार्थ ठेवलेला प्रश्न वरवर पाहता केवळ व्याकरणाचा वाटावा असा होता. एका स्त्रीचा गळा वस्तऱ्याने कापण्यात आला होता. ती शुद्धीवर होती, विचारलेले तिला समजत होते, परंतु कंठच छेदला गेल्यामुळे मुखातून शब्द फुटणे अशक्य झाले होते. आई, पोलीस अंमलदार आणि मॅजिस्ट्रेट यांच्या समक्ष तिला एकामागून एक नावे विचारण्यात आली, आणि त्या त्या नावाला तिने हाताच्या हालचालीने नकार किंवा होकार दिला. पुढे तिचा मृत्यू झाला. पुराव्याच्या कायद्याप्रमाणे मयत माणसाचे कथन लेखी किंवा तोंडी असेल तरच ग्राह्य. मग जे लिहिले गेले नाही आणि तोंडाने बोललेही गेले नाही, त्या हाताच्या हालचालीची गणना कशात करावयाची? पूर्णपीठाने निर्णय दिला की, प्रश्न आणि त्यावर केलेली खूण ही दोन्ही मिळून जे सिद्ध होते ते तोंडी कथनच होय, आणि ते पुराव्यात दाखल करून घेण्यास हरकत नाही.

१८७२ च्या त्याच कायद्याच्या ११९ व्या कलमात, बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने लेखनाने, खुणांनी किंवा समजेल अशा अन्य रीतीने भर न्यायालयात दिलेली साक्ष तोंडी साक्षच समजावी, अशी तरतूद आधीपासून होती. ज्या काळी जन्मतः मुक्या असलेल्या माणसाला हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे वारसाहक्क मिळत नसे, आणि ती अपात्रता दूर होण्यासाठी १९२८ सालच्या कायद्याची वाट पाहावी लागली, त्याच काळात साक्षीच्या पिंजऱ्यात मात्र त्याची खूण शब्दाच्या बरोबरीने मोजली जात होती, ही गोष्ट आपल्या कायद्याच्या इतिहासातील एक विलक्षण विसंगती म्हटली पाहिजे.

तथापि या खटल्याकडे वकिलाच्या नव्हे तर सामान्य वाचकाच्या नजरेने पाहिले असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती अधिक अस्वस्थ करणारी आहे. त्या जबानीतला प्रत्येक शब्द विचारणाऱ्यांचा होता. नावे त्यांनी उच्चारली, शस्त्रांची नावेही त्यांनीच घेतली. त्या स्त्रीच्या वाट्याला केवळ होकार आणि नकार एवढाच प्रांत उरला होता. खरे नाव विचारणाऱ्यांच्या मनातच आले नसते, तर ती कितीही शुद्धीवर असती, कितीही उत्सुक असती, तरी सत्य तिच्याबरोबरच गेले असते. वाचा गमावलेल्या किंवा वाचा कधी लाभलीच नाही अशा माणसांसाठी गेल्या शंभर वर्षांत जी साधने निर्माण झाली, पुठ्ठ्याच्या तक्त्यापासून डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या संगणकापर्यंत, त्या सर्वांची परीक्षा माझ्या मते एकाच कसोटीवर व्हावयास हवी: ऐकणाऱ्याला आगाऊ कल्पना नसलेली गोष्ट या साधनाने सांगता येते की नाही?

ही माणसे कोण, याविषयी समाजात बराच घोटाळा आहे. आपल्या शास्त्रकारांनी परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी असे वाणीचे चार प्रकार मानले, आणि त्यांतील वैखरी तेवढी कानांना ऐकू येणारी. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा होऊन ज्याच्या स्नायूंवरचा ताबा सुटतो अशा सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची, किंवा चेतापेशी क्षीण होत जाणाऱ्या रोग्याची, बहुधा वैखरीच तेवढी हरपलेली असते. आत वाक्य सिद्ध असते, पण जीभ, ओठ, श्वास त्याची अंमलबजावणी करीत नाहीत. पक्षाघाताच्या झटक्यानंतर येणारा वाचाघात याहून निराळा. तेथे शब्द सापडण्याचीच यंत्रणा दुखावलेली असते, आणि पाण्याच्या पेल्याकडे बोट दाखवून माणूस 'चप्पल' म्हणून बसतो. स्वमग्न मुलांची कथा आणखी वेगळी. या सर्वांना एकाच 'मुका' या सदराखाली नोंदवून मोकळे होण्याची वहिवाट सोयीची असली तरी घातक आहे, कारण एकाला उपयोगी पडणारे साधन दुसऱ्याला निरुपयोगी ठरते. अक्षरांचा तक्ता पहिल्याला वरदान, तर वाचाघाताच्या रोग्याला अनेकदा केवळ डोकेदुखी.

त्यातही सर्वांत मोठा अन्याय होतो तो ज्यांची वाचा पूर्णपणे गेलेली नाही, पण भरवशाचीही राहिलेली नाही, अशांवर. सकाळी स्पष्ट बोलणाऱ्या माणसाचे बोलणे थकव्याने संध्याकाळी कोणाला उमजेनासे होते. घरात दोन वाक्ये जोडणारे मूल परक्या माणसापुढे, गोंगाटात, भीतीने एक शब्दही काढू शकत नाही. काहींच्या तोंडून नको असताना तोच तो पाठ झालेला शब्द बाहेर पडतो आणि हवा असलेला शब्द आतच राहतो. अशा माणसाविषयी घरची मंडळी 'काल तर चांगलं बोलत होता, आज सोंग करतोय' असा शेरा मारून मोकळी होतात. पूर्ण मुकेपणावर लोक दया तरी करतात. अधूनमधून येणाऱ्या वाचेवर मात्र संशय घेतात. चष्मा वापरणारा माणूस जसा पूर्ण आंधळा असावा लागत नाही, तसेच संवादसाधन वापरण्यासाठी पूर्ण मुके असण्याची अट नाही, हे या विषयातील तज्ज्ञ परोपरीने सांगत असतात. म्हणूनच त्यांनी या शास्त्राला 'पूरक आणि पर्यायी संवाद' असे जोडनाव दिले: जेवढी वाचा आहे तेवढीला पूरक, आणि जेथे ती नाही तेथे पर्यायी.

आता साधनांकडे वळू. सर्वांत जुने आणि अद्यापही सर्वांत उपयोगी साधन म्हणजे समोर बसलेला दुसरा माणूस. १९९५ च्या डिसेंबरात 'एल' या फ्रेंच साप्ताहिकाचे संपादक झाँ-डोमिनिक बोबी यांना मेंदूतील झटक्याने सर्वांगाचा लुळेपणा आला; बुद्धी शाबूत, पण हालचाल उरली ती जवळजवळ एका डाव्या पापणीची. त्यांच्यापुढे फ्रेंच भाषेत अक्षरे अधिक वापरली जातात त्या क्रमाने, म्हणजे 'ई, एस, ए, आर' अशा क्रमाने, वर्णमाला वाचली जाई. हवे ते अक्षर आले की ते पापणी मिटत. पहाटे मनातल्या मनात परिच्छेद रचावा, घासून पुसून पाठ करावा, आणि लेखनिक बाई आल्या की अक्षर-अक्षर करून तो उतरवून द्यावा, या रीतीने त्यांनी संपूर्ण पुस्तक सांगितले. मार्च १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि अवघ्या काही दिवसांत बोबी वारले. त्या पुस्तकात त्यांनी आपल्या भेटीस येणाऱ्यांचे मोठे मिस्कील वर्गीकरण केले आहे. त्यांना एकदा चष्मा हवा होता. फ्रेंचमध्ये चष्म्याला 'ल्युनेत' म्हणतात. पहिली काही अक्षरे होताच समोरच्याने ती 'ल्यून', म्हणजे चंद्र, अशी वाचली आणि चंद्र घेऊन तुम्ही काय करणार, अशी पृच्छा केली.

मराठी घरात अशी वेळ आली तर काय करावे? येथे आपल्या पूर्वजांनी, त्यांना कल्पनाही नसताना, मोठीच सोय करून ठेवली आहे. रोमन अक्षरांचा क्रम केवळ परंपरेने आलेला. त्यात तर्क शोधून सापडत नाही. आपली व्यंजने मात्र उच्चारस्थानांप्रमाणे पाच ओळी आणि पाच रकान्यांत आधीच मांडलेली आहेत: कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग, त्याखाली य-र-ल-व आणि त्याखाली श-ष-स-ह-ळ. शुश्रूषा करणाऱ्याने प्रथम ओळ विचारावी, होकार आला की त्या ओळीतले अक्षर विचारावे, आणि मग बाराखडीच्या क्रमाने स्वर. अंथरुणावरच्या माणसाला 'पाणी' म्हणावयाचे आहे असे समजा. पवर्ग पाचवा, त्यातला प पहिला, काना बाराखडीत दुसरा: आठ प्रश्न. टवर्ग तिसरा, त्यातला ण पाचवा, दुसरी वेलांटी चौथी: बारा प्रश्न. एकूण २० प्रश्नांत शब्द पुरा होतो. हीच व्यंजने ओळी न पाडता क पासून सरळ वाचत गेलो तर त्याच शब्दाला ४२ प्रश्न पडतात. ही निम्म्याहून अधिक बचत क्षीण झालेल्या पापणीच्या दृष्टीने फार मोठी आहे. या मांडणीत उणीव नाही असे नाही: 'आहे', 'नाही', 'हवे' या हरघडीच्या शब्दांतला ह सर्वांत खालच्या ओळीत जाऊन बसला आहे, तेव्हा व्यवहारी माणसाने ती ओळ बिनदिक्कत वर आणावी; आणि जोडाक्षरांसाठी 'अक्षर अर्धे' अशी एक खूण ठरवून घ्यावी.

पण या उदाहरणातील खरा धोका निराळाच आहे. 'पा' एवढे अक्षर पदरात पडताच समोरचा माणूस उतावीळ होऊन पाण्याचा पेला पुढे करणार, हे जवळजवळ ठरलेले. प्रत्यक्षात रोग्याला 'पाठ' म्हणावयाचे असेल, तासन्‌तास एका कुशीवर पडून ती ठणकत असेल. 'पाय' म्हणावयाचे असेल, तो चादरीत अडकला असेल. किंवा 'पावती' म्हणावयाचे असेल, आणि वीजबिलाची ती पावती कोणत्या खणात ठेवली हे सांगण्याची त्याला तळमळ लागली असेल. या शेवटच्या शक्यतेचा आपल्याला सहसा विचारच सुचत नाही. आजारी माणसाला शरीराच्या गरजांपलीकडे काही सांगावयाचे असू शकते, ही कल्पना निरोगी माणसाच्या डोक्यात फार उशिरा शिरते. जॅनिस लाइट या संशोधिकेने १९८८ साली संवादाची चार प्रयोजने सांगितली: गरज कळवणे, माहिती देणे, जवळीक साधणे आणि शिष्टाचार पाळणे. घरोघरचे चित्रांचे तक्ते पाहिले तर त्यांत पाणी, जेवण, शौच, औषध, पंखा एवढेच. म्हणजे चारांपैकी एका प्रयोजनाचीच तजवीज. 'तू कशी आहेस?', 'काल मॅच कोण जिंकलं?', 'उगाच चिडू नकोस', 'माफ कर' हे म्हणण्याची मुभा तेथे नाही.

चित्रांचा विषय निघाला म्हणून चार्ल्स ब्लिस या विक्षिप्त आणि थोर गृहस्थाची हकिकत सांगितलीच पाहिजे. मूळ नाव कार्ल ब्लिट्झ. जन्म १८९७ चा, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील चेर्नोविट्झ या गावी, जेथे अनेक भाषा बोलल्या जात आणि त्या भाषांचे लोक एकमेकांचा द्वेष करीत. रसायन-अभियंता झालेल्या या ज्यू तरुणाला नाझींनी १९३८ मध्ये डाखाउ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत टाकले. पत्नीच्या खटपटीने सुटका होऊन तो इंग्लंडमार्गे शांघायला पोहोचला. तेथे चिनी अक्षरचिन्हे पाहून त्याच्या मनाने घेतले की, उच्चाराशी संबंध नसलेली, थेट अर्थच दाखवणारी चिन्हलिपी निर्माण केली तर माणसांमाणसांतले निम्मे तंटे मिटतील. ऑस्ट्रेलियात स्थायिक झाल्यावर १९४९ साली त्याने या लिपीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, जगभरच्या विद्वानांना पत्रे धाडली, आणि जगाने त्याची दखलही घेतली नाही.

१९७१ मध्ये टोरोंटो येथील अपंग मुलांच्या केंद्रातील शर्ली मॅकनॉटन या शिक्षिकेच्या हाती हा ग्रंथ पडला. सेरेब्रल पाल्सी असलेली, अद्याप वाचता न येणारी मुले तिच्यापुढे होती. नुसती चित्रे त्यांना अपुरी पडत, कारण 'पेला' दाखवता आला तरी 'काल', 'जर', 'वाईट वाटले' यांची चित्रे कशी काढावयाची? ब्लिसच्या लिपीत हृदयाची आकृती म्हणजे भावना. तिच्यापुढे वर जाणारा बाण म्हणजे आनंद, खाली जाणारा बाण म्हणजे दुःख. शंभराच्या आसपास मूळ आकृत्या, आणि त्यांच्या संयोगाने हवा तो शब्द. तक्त्यावर नसलेला शब्द मूल दोन चिन्हे जोडून स्वतः घडवू शके, आणि हीच त्या पद्धतीची खरी थोरवी. ब्लिसला प्रथम हर्ष झाला. पण आपली विश्वभाषा मुलांना भाषा शिकवण्याची पायरी म्हणून वापरली जात आहे आणि तिच्यात सोयीप्रमाणे फेरफार होत आहेत हे पाहून तो संतापला, आणि संस्थेशी त्याने वर्षानुवर्षे भांडण मांडले. अखेर १९८२ साली रीतसर परवाना देऊन समेट झाला. १९८५ मध्ये तो वारला. जगातील तंटे मिटवायला निघालेल्या माणसाने आपल्या एकमेव खऱ्या वाचकांच्या शिक्षकांशीच तंटा करावा, यातला विनोद त्याच्या लक्षात आला असेल असे वाटत नाही.

यंत्रांचा इतिहास बराच परिचित आहे, म्हणून तो थोडक्यात उरकतो. १९६० मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात रेज मेलिंग यांनी नळीतून फुंकर मारून वा श्वास ओढून टंकलेखनयंत्र चालवण्याची युक्ती काढली. १९८५ साली श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेने स्टीफन हॉकिंग यांची उरलीसुरली वाचा गेली. काही काळ ते अक्षरांच्या तक्त्यावर भुवई उंचावून शब्द सांगत. कॅलिफोर्नियाच्या वॉल्टर वोल्टोझ यांनी आपल्या सासूबाईंच्या आजारात तयार केलेली संगणक-आज्ञावली त्यांना मिळाली, आणि हातातल्या एका कळीने, पुढे गालाच्या एका स्नायूने, ते तिच्यातून शब्द निवडू लागले. त्यांचा तो जगप्रसिद्ध यांत्रिक आवाज मुळात एमआयटीतील संशोधक डेनिस क्लाट यांच्या स्वतःच्या आवाजावर बेतलेला होता. दैवाचा खेळ असा की, इतरांना वाचा देणाऱ्या या क्लाट यांचाच आवाज कर्करोगाने अखेरच्या काळात बसत गेला. १९८८ मध्ये ते वारले. पुढे हॉकिंग यांना अधिक सफाईदार आवाज देऊ करण्यात आले तेव्हा त्यांनी ते नाकारले. हा आपलाच आवाज अशी खूणगाठ त्यांनी बांधली होती.

आपल्याकडे मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना करून कुलाब्यात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची शाळा सुरू केली. त्यांची कन्या मालिनी छिब यांनी सेंट झेवियर महाविद्यालयातून पदवी घेतली, पुढे इंग्लंडमध्ये उच्च शिक्षण घेतले आणि हाताच्या एका बोटाने टंकित करून आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावही त्या बोटावरूनच ठेवले. चेन्नईत अजित नारायणन यांनी 'विद्यासागर' या संस्थेच्या सहकार्याने २०१० च्या सुमारास 'आवाज' हे बोलके साधन बाजारात आणले, तेव्हा परदेशी यंत्रांच्या किमतीपुढे हतबल झालेल्या पालकांना पहिल्यांदा दिलासा मिळाला. आणि पवईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्पशाळेत, प्राध्यापक रवी पुवय्या यांच्या मार्गदर्शनाखाली, 'जेलो' नावाचे साधन तयार झाले. ते साध्या मोबाइलवर चालते, मराठी बोलते आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे पडद्याच्या कडेला कायम असणारी भावदर्शक बटणे: आवड आणि नावड, होकार आणि नकार, अधिक आणि कमी. मुलाने 'भात' दाबले तर ती केवळ एक वस्तू. पण त्याला 'नावडतो' जोडता आले की तेथे एक माणूस बोलू लागतो.

परंतु मराठी बोलणारे साधन म्हणजे इंग्रजी साधनावर मराठी शब्दांचे ठिगळ नव्हे, हे अजून पुरेसे ध्यानात आलेले दिसत नाही. इंग्रजीच्या रचनेवर बांधलेल्या तक्त्यावर मुलाने 'मी', 'पाणी', 'हवे' ही तीन चित्रे दाबली तर यंत्र 'मी पाणी हवे' असे बोलते. मराठीत ते 'मला पाणी हवे' असावे लागते. म्हणजे तक्त्यावर 'मी' आणि 'मला' अशी दोन घरे हवीत, अथवा विभक्ती जाणणारे यंत्र हवे. आपले क्रियापद बोलणाऱ्याचे लिंगही सांगते: मुलगा 'मी जातो' म्हणेल, मुलगी 'मी जाते'. दहा वर्षांच्या मुलीला तिच्या यंत्राने जन्मभर 'जातो' म्हणावयास लावले, तर ते केवळ व्याकरणाचे दुर्लक्ष राहत नाही. आणि परक्या तक्त्यावर वडीलधाऱ्या बाईचे एकच चित्र असते, तेव्हा आत्या, मावशी, मामी आणि काकू यांपैकी कोणाला बोलवावयाचे आहे याचा उलगडा त्या मुलाने कसा करावा? भाकरी, पिठलं, गणपती, एसटी, 'चल', 'थांब', 'पुरे', 'नको' हे शब्द मराठी तक्त्याच्या अग्रभागी पाहिजेत. भाषातज्ज्ञ सांगतात की दैनंदिन बोलण्याचा सुमारे ८० टक्के भाग काहीशे लहान लहान शब्दांनीच व्यापलेला असतो, आणि ते बहुतेक नामे नसतात. तरीही तक्ते करणारे आधी फळे आणि प्राणी चितारतात, कारण सफरचंदाचे चित्र काढणे सोपे आणि 'नको'चे कठीण.

साधन कितीही उत्तम असले तरी गतीचा प्रश्न सुटत नाही. सामान्य माणूस मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो. साधनावर बोलणाऱ्याची गती बहुधा दोन ते पंधरा शब्दांची. शेवटच्या वर्षांत हॉकिंग यांची गती मिनिटाला एखाद्या शब्दावर आली होती. ते हॉकिंग होते म्हणून सारी सभा श्वास रोखून थांबे. गल्लीतल्या दुकानदाराला, बँकेतल्या कारकुनाला, आणि खरे सांगावयाचे तर घरच्या माणसांनाही, तेवढा धीर नसतो. मग ते अर्धे वाक्य स्वतःच पुरे करतात, आणि बोलणारा थकून मान डोलावतो. अलाहाबादेतला तो प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो: हा होकार खरा, की केवळ दमछाकीचा?

दुसऱ्याचे वाक्य आपणच पुरे करण्याच्या या मोहाचे टोक कोठवर जाऊ शकते याचा दाखला 'साहाय्यित संवाद' या प्रकरणात मिळतो. मेलबर्नच्या रोझमेरी क्रॉसली यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत पुरस्कारिली. १९९० च्या सुमारास सिराक्यूज विद्यापीठाचे डग्लस बिकलेन यांनी ती अमेरिकेत रुजवली. न बोलणाऱ्या मुलाचा हात किंवा मनगट मदतनिसाने धरावे, आणि मुलाने कळफलकावर टंकित करावे. पाहता पाहता मुले कविता लिहू लागली, आईवडिलांचे डोळे पाणावले. काही ठिकाणी तर मुलांच्या नावाने टंकित झालेल्या आरोपांवरून पालकांवर खटले गुदरले. १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका केंद्रात साधी परीक्षा झाली: मूल आणि मदतनीस यांना, एकमेकांचे दिसणार नाही अशा बेताने, निरनिराळी चित्रे दाखवली गेली. टंकित झाले ते मदतनिसाने पाहिलेले. पुढील अनेक परीक्षांचा निष्कर्षही तोच. मदतनीस लबाड नव्हते. आपला हात आपणच हलवीत आहोत याची त्यांनाच जाणीव नव्हती, आणि प्लँचेटचा नाद केलेल्या वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. अमेरिकेतील वाक्‌तज्ज्ञांच्या मध्यवर्ती संघटनेने २०१८ साली ही पद्धत, आणि मदतनिसाने तक्ता हाती धरून सतत सूचना देत शब्द काढून घेण्याची 'रॅपिड प्रॉम्प्टिंग' ही दुसरी पद्धत, वापरू नये असे स्पष्ट बजावले. तरीही त्या अधूनमधून नव्या नावांनी डोके वर काढतात, आणि आशेने भारावलेले पालक त्यांना बळी पडतात. पालकांना दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. पण न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालणे ही त्याची वाचा दुसऱ्यांदा हिरावून घेण्यासारखी गोष्ट आहे, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

आपल्या कायद्याने या बाबतीत अलीकडे दाखवलेली सावधगिरी म्हणूनच स्तुत्य वाटते. २०१३ साली ११९ व्या कलमात दुरुस्ती होऊन, बोलून सांगू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष नोंदताना न्यायालयाने दुभाषी किंवा विशेष शिक्षकाचे साहाय्य घ्यावे आणि त्या साक्षीचे चित्रीकरण करावे, असे घातले गेले. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात हेच १२५ वे कलम आहे. चित्रीकरणाची अट मला विशेष मोलाची वाटते, कारण खूण कोणाची आणि अर्थ कोणी लावला याची रुजवात पुढे कोणालाही घेता येते. २०१६ च्या दिव्यांगहक्क कायद्यानेही संवादाच्या व्याख्येत पूरक आणि पर्यायी रीतींचा नाव घेऊन समावेश केला आहे. म्हणजे शाळेत, कचेरीत, इस्पितळात आपला तक्ता पुढे करणारा माणूस मेहेरबानी मागत नाही, हक्क बजावतो.

पालकांच्या मनातील एका भीतीचे निरसन करणे मात्र आवश्यक आहे. तक्ता किंवा यंत्र हाती दिले तर मूल बोलण्याचा आळस करील, असे त्यांना वाटते, आणि त्या भीतीने मोलाची वर्षे वाया जातात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांच्याविषयी भरवशाची माहिती उपलब्ध होती अशा २७ व्यक्तींचा विचार केला गेला. त्यांपैकी ८९ टक्के व्यक्तींच्या बोलण्यात साधनांच्या वापरानंतर भरच पडली, उरलेल्यांत फरक पडला नाही, आणि बोलणे कमी झाले असे एकही उदाहरण आढळले नाही. भर बहुतेक ठिकाणी अल्पच होती, हेही नमूद केले पाहिजे. तक्ता हा वाचा परत आणणारा मंत्र नव्हे. पण तो वाचेची वाट अडवीत नाही, एवढे त्यावरून दिसते.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी वाक्‌-उपचारतज्ज्ञाची भेट ठरेपर्यंत हात बांधून बसू नये. एक मोठा पुठ्ठा घ्यावा आणि वर्णमाला वर्गवार ओळींत ठळक लिहावी; बाजूला 'हवे', 'नको', 'पुरे', 'दुखते', 'कोण', 'कधी', 'का', 'थांब, माझे पुरे झाले नाही' एवढी घरे आखावीत. होकाराची आणि नकाराची खूण त्या माणसाला विचारूनच ठरवावी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी खाटेच्या उशाशी लिहून लावावी, म्हणजे रात्रपाळीची परिचारिका बदलली तरी खूण बदलणार नाही. शब्द पुरा झाला की तो मोठ्याने उच्चारून 'असेच ना?' असे एकदा अवश्य विचारावे. आणि सर्वांत वर, ठसठशीत अक्षरांत, आणखी एक घर ठेवावे: 'तुम्ही विचारता ते नाही, मला वेगळेच सांगायचे आहे.' हे घर ज्यावर नाही तो तक्ता अपुरा समजावा.